ऑगुल

कोरियन भाषेत एक शब्द आहे, ऑगुल.
कोशात अर्थ दिलाय: अन्यायाने कोंडलेलं मन.
कोशाचं काय जातं म्हणायला.

अन्याय म्हटला की करणारा लागतो,
त्याचं नाव, हुद्दा, राहण्याचा पत्ता.
ऑगुलला नुसता सोसणारा पुरतो.
छातीच्या हाडामागे बूड टेकून बसतो तो,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

मोकपो बंदरात, कोर्टामागच्या गल्लीत
प्यो दाल्येची लाँड्री आहे.
वकिलांचे काळे कोट येतात, कोळ्यांचे शर्ट येतात,
माशांचा वास कोटांना लागू नये म्हणून
तिने मधे एक पडदा टांगलाय.

पंधराव्या वर्षी ती मिठाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होती.
एक दिवस मालकिणीची अंगठी गेली.
वाक्य इथंच संपलं असतं.
पण अंगठी गेली म्हणजे ती कोणीतरी नेलेली लागते,
आणि त्या घरात परकी एकटीच होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतो आपण.
इथे तर चोरही नव्हता.

पुढे लग्न झालं, नवरा गेला, इस्त्री विजेची आली.
एकदा ती समोरच्या अर्जनविसाकडे जाऊन बसली.
कोणाविरुद्ध? त्याने विचारलं.
ती माणसं कधीच वारली.
मग मागणी काय? भरपाई? माफी?
"मला ऑगुल वाटतं, एवढंच लिहा."
"आजी, ही मागणी नाही होत."
त्याने पैसे घेतले नाहीत, नूडल्स मागवल्या.
दोघं न बोलता खात राहिले.

पूर्वी हा शब्द चिनी अक्षरांत लिहीत.
पहिल्या अक्षरात एक हात आहे, दाबणारा.
दुसरं एकोणतीस रेघांचं,
लिहिता लिहिता शाई वाळते.
दाट झाडी, आणि दोन झाडांच्या मधे
कोंबलेलं एक मडकं.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार:
आपल्याला सहा अक्षरांच्या वर लागतात,
त्यांनी दोनात भागवलं.

दाल्येला चिनी अक्षरं येत नाहीत.

गेल्या शरदात मालकिणीची मुलगी आली,
तीही आता काठी टेकत, हातात तांदळाच्या वड्यांचा डबा.
जुनं घर पाडलं, म्हणाली.
गच्चीवरची सोयाबीनच्या खारीची मडकी फोडली.
एकाच्या तळाशी, काळ्या गाळात, अंगठी होती.
ढवळताना आईच्या बोटातून सुटली असणार.

दाल्येने वड्या घेतल्या. डबा धुऊन परत दिला.
रात्री तिला वाटलं, आता हलकं वाटायला हवं.
वाटेना.
उलट इतकी वर्षं ज्याच्याशी पाठ लावून झोपली
तो भाडेकरू विचारत होता,
मी आता कुठे जाऊ?

रविवारी नात येते, दाओन, सात वर्षांची.
दोघी फुलांच्या पत्त्यांनी ह्वातू खेळतात,
जमिनीवर घोंगडी अंथरून.
दाल्ये लबाडी करते. नेहमीच करते.
आज तिने टेकडीवरचा चंद्र मांडीखाली सरकवला.
पोरीने पाहिलं, पत्ते भिरकावले,
घशाच्या देठापासून ओरडली:
"ऑगुल्हे! आजी, ऑगुल्हे!"

शेजारच्या पानवाल्याने — नव्हे, तिथे पानवाले नसतात,
शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याने मान वर केली.

दाल्ये हलली नाही.
एवढ्या मोठ्याने म्हणता येतो हा?
दात पडलेल्या तोंडातून, थुंकी उडवत,
घोट न गिळता?
"परत म्हण," ती म्हणाली.
पोरगी आता बिचकली. हळू म्हणाली.
"तसं नाही. मघासारखं."

मग दोघी ओरडल्या.
वाफेच्या इस्त्रीपेक्षा मोठ्याने,
पडद्यापलीकडे वकिलांचे कोट हँगरवर डुलले.

चंद्र तिने परत दिला.
पाइनखालचा करकोचा मात्र
अजून मांडीखालीच आहे.